चौथी ओळ

सुमनला दिसत नाही. बी.ए.च्या परीक्षेत ती उत्तरं सांगते आणि लेखनिक म्हणून मी ती लिहितो. माझी निवड अक्षर बघून झाली होती, अक्कल बघून नव्हे. पण पेपर सुरू झाल्यावर मी हे सोयीस्करपणे विसरलो.

इतिहासाचं एक उत्तर तिने तीन ओळींत संपवलं. पाच गुणांना तीनच ओळी? माझ्याच्याने राहवलं नाही. चौथी ओळ मी पदरची घातली.

तिने मान किंचित कलती केली. “काका, मी केव्हाच थांबले. तुमचं पेन अजून चालतंय.”

“अगं, थोडं राहिलं होतं...”

“खोडा ते. नापास झाले तरी चालेल, पण पेपर माझा राहू द्या.”

मी खोडलं. कान गरम झाले. मुलाने कुठली शाखा घ्यावी, धाकट्या बहिणीने घर विकावं की ठेवावं, अशा कितीजणांच्या उत्तरांत मी मदत म्हणून माझी ओळ घातली असेल. ती माणसं सांगून थांबली होती आणि मी लिहीतच होतो. माझं पेन त्यांनाही ऐकू आलं असणार. बोललं मात्र कुणी नाही. साठी उलटलेल्या मला ते सुमनने सांगितलं, तेही लेखनिकाने पदरचं लिहिलं म्हणून तिचा पेपर रद्द व्हायची वेळ मी आणल्यावर.

पुढच्या उत्तरात तिने सन चुकीचा सांगितला. बरोबर सन मला ठाऊक होता. मी तिचाच लिहिला आणि तिच्या पुढच्या वाक्याची वाट पाहत बसलो.