सालिंगसाठी झडप

लौरियानो मेकॅनिक माणूस भला, पण हट्टाला पेटला की कोणाच्या बापाचं ऐकत नसे. त्या आठवड्यात तर डोंगरमाथ्यावरच्या बागिओतल्या सगळ्या गॅरेजवाल्यांनी त्याच्यापुढे हात टेकले. त्याच्या व्हॅनचं इंजिन घाट चढताना उकळत होतं. त्यावरचा इलाज सगळ्यांना ठाऊक होता, आणि नेमका तोच करायला हा गडी तयार नव्हता.

इलाज म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणं. इंजिन गार असेपर्यंत पाणी अडवायचं आणि तापलं की रेडिएटरकडे सोडायचं, एवढंच त्या पितळी झडपेचं काम. आपल्या उकाड्याच्या देशात ती हवी कशाला, असं म्हणत फिलिपिन्सचे मेकॅनिक गाडी हाती आली की आधी ती उपटतात. लौरियानोनं स्वतः तीस वर्षं हेच केलं होतं.

पण ही व्हॅन सालिंगची होती. त्याची बायको सालिंग नऊ वर्षं आखातात, दोहाला एका घरी कामाला होती. तिच्या कमाईतून ही जुनी जपानी गाडी आली, आणि ती स्वतः तीत एकदाही बसली नव्हती. गुरुवारी ती महिन्याभराच्या रजेवर मनिलाला उतरणार होती, आणि तिथून तो तिला ह्याच व्हॅननं घाट चढवून बागिओला घरी आणणार होता. सालिंगला थंडी मुळीच सोसत नसे. घाटातल्या धुक्यात तिच्या पायांना ऊब मिळावी, एवढंच लौरियानोच्या मनात होतं. झडप काढली तर इंजिन नीट तापणार नाही आणि हीटर नुसता गार वारा फेकणार.

"मानोंग, उपटा ती झडप आणि मोकळे व्हा," शेजारचा क्रेसेन्सियो म्हणाला. तो जीपनी, म्हणजे भाड्याची प्रवासी जीप, चालवायचा आणि लौरियानोला थोरला भाऊ म्हणून मानोंग म्हणायचा.

"मग हीटर काय तू फुंकणार?"

"वहिनींना दोन स्वेटर घाला. नाहीतर बसने आणा."

"बसनेच आणायचं, तर तिनं नऊ वर्षं दुसऱ्यांची धुणी कशाला धुतली?"

क्रेसेन्सियो आपल्या जीपनीकडे वळला.

लौरियानोनं सगळं पुन्हा तपासलं. पाणी भरलेलं, पट्टा ताठ, पंखा फिरतोय. इंजिन हात लावू देत नव्हतं, पण रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप मात्र गार होता. म्हणजे पाणी पुढे जातच नव्हतं. झडप बाहेर काढून त्यानं ती तारेनं बांधली आणि चुलीवरच्या पातेल्यात सोडली. पाणी खळखळून उकळलं तरी ती तोंड उघडेना. मेलीच होती.

नवी कुठे मिळेना. जी वस्तू कोणी वापरत नाही, ती कोणता दुकानदार ठेवील? मग तो भंगारात शिरला. एकामागून एक पाच इंजिनं उघडली आणि पाचही रिकामी निघाली; कोण्या ना कोण्या मेकॅनिकनं आधीच हात साफ केला होता. त्यातली दोन तर त्याला स्वतःच्याच हातची वाटली. आयुष्यभर फेकलेल्या झडपांतली एक तरी आज हवी होती, असं वाटून त्याला रडू यायचंच बाकी राहिलं. सहाव्या इंजिनात एक सापडली. पातेल्यातलं पाणी उकळायच्या आधीच ती हळूच उघडली, तेव्हा तो एकटाच हसला.

विमानतळावर सालिंग दिसली. वाळली होती, केस पिकले होते. लौरियानोनं तिची बॅग उचलली आणि तिच्यासाठी व्हॅनचं दार उघडलं.

घाटाच्या पायथ्याचं रोझारिओ मागे पडलं आणि पहाटेच्या धुक्यात चढ लागला. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध ठाम उभा होता. लौरियानोनं ऐटीत हीटर लावला आणि ती काय म्हणते याची वाट पाहू लागला.

"बंद कर ना ते," सालिंग म्हणाली.

"का गं? तुला थंडी वाजते ना?"

तिनं काच खाली केली. धुकं सरळ आत आलं. तिनं तोंड बाहेर काढलं आणि म्हणाली, "नऊ वर्षं मी ह्या गारव्यासाठी झुरले रे. तिथे अंथरुणावर पडले की डोळ्यांपुढे हेच यायचं."

इतक्या वर्षांत फोनवर तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

लौरियानोनं हीटर बंद केला आणि आपल्याही बाजूची काच खाली घेतली. उरलेला घाट तो कुडकुडत चढला, पण काच लाव असं तिला एकदाही म्हणाला नाही.