मागे बसलेल्याचे कागद

स्कूटरवर बसलो की माझ्याबरोबर एक प्लास्टिकची फाइल असतेच. लायसन, विमा, पीयूसी, आधार, सगळं चोख. ही शिस्त माझी नाही, माझ्या दाढीची आहे. कामोठ्याहून वाशीला जाताना नाकाबंदी लागली की पुढच्या-मागच्या गाड्या सुटतात आणि हात मलाच होतो. "चाचा, किधर से?" मी मराठीत सांगतो, कामोठ्याहून. "वो नहीं, असल में किधर से?" मी श्रीवर्धन सांगतो. पणजोबांपासून आम्ही तिथलेच. तरी पुढचा प्रश्न हिंदीतच येतो.

हे सगळं मी समोरच्या फ्लॅटमधल्या मित्राला सांगायचो. तो मूळचा नांदेडकडचा. त्यांची बुद्धपौर्णिमेची खीर आमच्याकडे येते, आमचा ईदचा शीरखुर्मा त्यांच्याकडे जातो. माणूस लाखमोलाचा, पण या बाबतीत त्याचं ठरलेलं उत्तर होतं, "भाई, तू लई मनाला लावून घेतो. रुटीन चेकिंग असतंय ते." खरं सांगतो, पोलिसांपेक्षा मला त्याचाच जास्त राग यायचा. पोलीस मला ओळखत नव्हते. हा ओळखत होता, आणि तरी त्याला माझं पटत नव्हतं.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं वाशीच्या मार्केटातून आंब्याची पेटी घेऊन येत होतो. स्कूटर त्याची, चालवत तो. डोक्यावर हेल्मेट नाही, लायसनची मुदत संपून वर्ष झालेलं. मी मागे, हेल्मेट घालून, पेटी सांभाळत. हवालदाराने हात केला तसा मित्राचा चेहरा उतरला. पण हवालदार त्याला ओलांडून माझ्याकडे आला.

"चाचा, आधार दिखाओ. पेटी में क्या है?"

मी सवयीने फाइल काढली. मित्राने मला उतरवून गाडी स्टँडला लावली.

"साहेब, गाडी मी चालवतोय. हेल्मेट मला नाही, लायसन माझं संपलंय. ह्याचं काय बघता?"

"तुम्ही थांबा हो जरा. यांचं चेकिंग चाललंय."

"नाही. आधी माझा दंड करा."

असं गिऱ्हाईक त्या हवालदाराला नोकरीत कधी भेटलं नसावं. त्याने माझं आधार परत दिलं, नंबरप्लेटचा फोटो काढला आणि पेटीकडे बघत मला पहिल्यांदाच मराठीत विचारलं, "हापूस का?"

"आमच्याकडचाच," मी म्हटलं.

दंडाचा मेसेज मित्राने सोसायटीभर दाखवला, बढतीचं पत्र दाखवावं तसा. 'रुटीन' हा शब्द मात्र त्याने पुन्हा काढला नाही.

पुढच्या शनिवारी तो खाली आला तो नवं हेल्मेट घालून. काखेत माझ्यासारखीच प्लास्टिकची फाइल. "आता अडवू दे," म्हणाला, "दोघांचे कागद बघायला लावतो."

त्या दिवशी आम्हाला कोणीच अडवलं नाही. वाशी येईपर्यंत तो चरफडत होता. आणि मी मागे बसून हसत होतो. त्या रस्त्यावर इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच हसलो असेन.