चुन्यातली अंडी

मरोद्याच्या भागीरथाबाईंची बदकं श्रावण पाळत नव्हती, सगळी पंचाईत तिथंच होती. क्वार्टरातले शेजारी महिनाभर अंड्याला शिवत नव्हते आणि खुराड्यात रोज अंड्यांचा सडा. स्टील प्लांटातून कामावरून आल्याआल्या चंपतराव नवरेपणा गाजवायचे, "पोळ्यानंतर अंडे खपले नाही, तर बदकं विकून टाकीन!"

बाईंनी आईची रीत आठवून अंडी पहिल्यांदाच चुन्याच्या निवळीत ठेवली. पोळा झाला आणि शेजारच्या शैलाताई अर्धा डझन घेऊन गेल्या. संध्याकाळी पातेलं घेऊनच परत आल्या.

"अंडे विकून राहिली का फटाके? उकडाले ठेवले, तं सारे फुटले न वो बाई!"

खाटेवर बसलेल्या चंपतरावांच्या मिशीत हसू आलं.

बाईंना एकदम आई दिसली. चुन्यातलं अंडं उकडण्याआधी ती त्याला सुई टोचायची. आई नजर काढते, असं बाईंना वाटायचं. म्हणून अंधश्रद्धा समजून त्यांनी ती सुई तेवढी सोडून दिली होती! चुन्यानं कवचाची भोकं बुजतात आणि आतल्या हवेला वाटच उरत नाही, हे आत्ता डोक्यात शिरलं.

त्यांनी एका अंड्याला बारीक टोचलं आणि स्टोव्हवर चढवलं. अंडं अख्खं निघालं. शैलाताईंनी फुटक्यांच्या बदल्यात सहा घेतली, वर आणखी डझनभर मागितली.

"पण मी काय म्हणतो..." चंपतराव सुरू झाले.

बाईंनी सुई त्यांच्याकडे वळवली. "तुमची बी हवा काढू का?"

चंपतराव उठून बदकांना कोंडा घालायला गेले.