बिनतड्याची सुरई

आमच्या शेडमागे फुटक्या भांड्यांचा ढीग आहे. किस्सेही तिथेच साठत गेले म्हणा ना! भट्टी उघडायची, फुटकं मागे फेकायचं, चहा प्यायचा आणि आपल्यावरच हसायचं. नाही हसायचं तर सांगायचं कोणाला?

शेड अकोल्यात, नईमच्या अब्बांच्या टाइल्सच्या दुकानामागे. आम्ही तिघं. नईम मातीचं करतो, हिवरखेडचा गजू तारा आणि पत्र्याचं, आणि मी त्यांच्या वस्तूंवर पऱ्हाटीच्या वाळक्या काड्या, कापड, सुतळी चढवते. याला मिक्स्ड मीडिया म्हणतात. माझी आई याला पसारा म्हणते.

*

पहिलं प्रदर्शन अमरावतीला. प्रमुख पाहुणे एक पुढारी. वऱ्हाडच्या मातीचा त्यांना फार अभिमान! तसं ते बराच वेळ सांगत होते. निघताना त्यांनी गळ्यातला हार काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि नईमच्या सगळ्यांत मोठ्या शिल्पात टाकला. वर सुपारीचा कागदही टाकला.

गजू म्हणाला, "चाला, कोनाच्या तं कामी आलं!"

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पुढाऱ्याचा.

*

गजूसाठी मुलगी पाहायला नांदगाव खंडेश्वरला गेलो होतो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पोरगा काय करते?"

गजूचे मामा म्हणाले, "आर्टिस्ट हाय."

"थे समजलं. करते काय?"

मामा म्हणाले, "घरी वावरबी हाय."

"म्हंजे दोन्हीकून बोंब!" वडील उठले. "पोहे मातर खाऊन जा बरं."

आम्ही खाल्ले. पोहे चांगले होते.

*

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत शहरांतून गाड्या भरभरून लोक यायचे, आमच्याकडचं दुःख पाहायला. एका चॅनेलवाल्याने गजूला त्याच्या वावरात उभं केलं. "चेहरा जरा उतरलेला ठेवा," म्हणाला.

गजू म्हणाला, "साहेब, यंदा आमचं बरं हाय. तूर लय पिकली."

चॅनेलवाला हिरमुसला. "शेजारी कोणाचं वाईट असेल ना?"

गजूने माझ्याकडे बोट दाखवलं. "हे पाहा, कलावंत हाय!"

तेव्हा पोट धरून हसलो. त्याच गावात त्याच महिन्यात एक घर खरंच उघडं पडलं होतं, आणि त्या घरासमोर या गाडीने जागा मिळेना म्हणून हॉर्न वाजवला होता. मला अजून संताप येतो.

*

नईमची एकच जिद्द. काळ्या मातीची, एकही तडा नसलेली सुरई! ही माती वाळताना अशी आखडते की भट्टीत जायच्या आधीच भांडं उकलतं. गजू म्हणायचा, "अबे, बाहेरची माती आन ना! ही कापसाची माती हाय, कपबशीची नाई."

"बाहेरच्या मातीचं तं कोनीबी करते," नईम म्हणायचा आणि आणखी एक फुटकी मागे फेकायचा.

मुंबईच्या एका गॅलरीतून आमचं काम पाहायला येणार होते. शेवटी अब्बांनी बजावलं, "मुंबईवालों ने तेरी एक चीज रख ली, तो शेड तेरा. नहीं तो दुकान पे बैठ!"

आणि त्यानंतरच्याच भट्टीत ती निघाली. सबंध! नईमने बोटाने टिचकी मारली, खणखणीत वाजली. तो तिथेच खाली बसून रडला. मीही रडले.

*

मुंबईच्या क्युरेटर मॅडम पाहायला आल्या. सुरई फिरवून फिरवून पाहिली. म्हणाल्या, "छान आहे. पण यात क्रायसिस कुठे दिसतोय? एखादा तडा वगैरे?"

नईम म्हणाला, "मॅडम, थोच काढाले तं माह्यी जवानी गेली!"

मॅडम हसल्या. "बघू. पाठवून तर द्या."

*

नईमने सुरईला अम्मीच्या दोन गोधड्या गुंडाळल्या, खोक्यात भूस भरलं, वर 'सांभाळून' असं तिन्ही भाषांत लिहिलं. खोकं ट्रान्सपोर्टने गेलं, मी रेल्वेने.

गॅलरीत माझ्यासमोर खोकं उघडलं. तोंडापासून बुडापर्यंत सुरई तडकली होती.

मी डोक्याला हात लावला. मॅडमनी मात्र टाळीच वाजवली. "बघा! आता कशी बोलतेय!"

सुरई मधोमध ठेवली, वरून दिवा सोडला. खाली नईमचं नाव, 'उगवता कलावंत'. संध्याकाळी मॅडमनी अशाच आणखी तीन मागितल्या.

बाहेर येऊन फोन लावला. पहिल्याच रिंगला नईमने उचलला. "ताई, ठेवली का त्यायनं?"

"ठेवली. मधोमध."

पलीकडे तो ओरडला, "अब्बा! रख ली!" मग मला म्हणाला, "पाहा ताई, मी म्हनत नोतो? बिनतड्याचीबी चालते!"

"हो रे. आणखी तीन पाहिजेत."

"अशाच?"

"अशाच."

"करतो! आज रातीच माती भिजू घालतो. अम्मीले गोधड्याबी मांगून ठेवतो."

"गोधड्या नको," मी म्हटलं. "उगाच वजन होतं."