चुलीची नसलेली काजळी

आशाच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी बाक आहे, पण त्यावर टेकायचं धाडस फार थोडे करतात. अक्कलकुव्याच्या स्टँडसमोर ती प्रिंटरची रिकामी कार्ट्रिज भरून देते. स्क्रू काढायचे, झिजलेला ड्रम बदलायचा, आत उरलेली शाईची वाया गेलेली काळी भुकटी रंगाच्या जुन्या डब्यात झाडायची, डब्याचं तोंड चिकटपट्टीनं घट्ट बंद करायचं आणि मग नवी भुकटी भरायची. हे काम ती बारा वर्षं करतेय, आणि बारा वर्षं कुणा ना कुणावर चिडलेली आहे. नाकाला फडकं बांधलेलं असतं म्हणून शिव्या अर्ध्याच ऐकू येतात.

तिच्या रागाला कारण होतं. ही भुकटी म्हणजे पिठासारखं दळलेलं प्लास्टिक. उघड्यावर सांडली की वाऱ्यानं उडून माणसाच्या छातीत जाते. म्हणून ती डबे साठवून ट्रकनं सुरतेच्या कारखान्यात पाठवायची आणि गावातल्या प्रत्येक कचेरीत तिनं एकेक पोतं ठेवलं होतं. कार्ट्रिज संपलं की यात टाका, न्यायला मी येईन, एवढंच तिचं मागणं.

होळीच्या आठवड्यात ती एका कचेरीत गेली, तर पोतंच जागेवर नव्हतं.

"हेमकांतभाऊ, मन्हं पोतं कोठे शे?"

हेमकांत तिथला कारकून. मान वर न करता म्हणाला, "साहेबनी तपासणी व्हती. कपाटं साफ करात. मांगे नालामा टाकी दिधं. कचरंच व्हतं ना?"

"कचरं ऱ्हातं तर मी दर महिनाले काय आरती ओवाळाले लई जास का?"

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. मागं जाऊन पाहिलं तर तीस-चाळीस कार्ट्रिज फुटून पडलेली, नाल्यातले दगड काळेकुट्ट. काठावर चहा विकणाऱ्या निर्मलाबाईंनी तिला सांगितलं, यातली भुकटी कुणीतरी येऊन घेऊन गेलं होतं. "मोलगीकडला बाज्या उना व्हता. डबाभर काळं लई गया. म्हने, होळीले लागी."

बाज्या म्हणजे तिच्या बाकावर बिनधास्त बसणारा एकमेव माणूस. पाड्यातल्या लोकांचे कागद झेरॉक्स करायला यायचा आणि तिची बडबड हसत ऐकायचा. यंदा त्यानं होळीचा नवस धरला होता. पाच दिवस अंघोळ नाही, खाटेवर बसणं नाही, आणि तोंडाला, छातीला तव्याची काजळी लावून नाचायचं. आशानं दुकानाला कुलूप घातलं आणि मोलगीची जीप धरली. सगळ्या घाटात ती हेमकांतच्या नावानं बोटं मोडत होती.

बाज्या अंगणात बसला होता. कमरेला नाचासाठी बांधलेले वाळके भोपळे, डोळे मिरची गेल्यासारखे लाल, आणि खोकला थांबत नव्हता.

"हे तोंडले फासाले कोन्ही सांगं तुले?" ती ओरडली.

"तूच, ताई," तो शाळेतल्या मराठीत म्हणाला. "घामानं काजळी उतरते. तू म्हणाली होतीस, माझं काळं जन्मात उतरणार नाही."

म्हणाली होती. छापलेल्या अक्षरांबद्दल दर गिऱ्हाइकाला म्हणायची, बढाईनं. कारकुनाला घालायला राखून ठेवलेल्या सगळ्या शिव्या आता तिच्याच वाट्याला आल्या. आपलेच दात, आपलेच ओठ. तिला स्वतःचा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आल्याचाही राग आला.

"धुई टाक. आत्ते."

बाज्यानं नकारार्थी मान हलवली. पाचवा दिवस उजाडल्याशिवाय अंगाला पाणी लागलं तर नवस मोडणार होता. नवस त्याच्या बहिणीच्या बाळंतपणासाठी होता. मोडला तर तिला काय तोंड दाखवणार?

आशा पाड्याचा पुजारा करमसिंग याच्याकडे गेली आणि काही न लपवता सांगितलं: हे काळं म्हणजे प्लास्टिक आहे, आणि चूक कारकुनाची आहे तशी माझीही आहे. म्हातारा उठून आला. बाज्याच्या गालावर बोट फिरवून त्यानं ते नाकाशी नेलं. मग त्यांच्या बोलीत सावकाश काही बोलला. बाज्यानं तिला अर्थ सांगितला: देवाला चुलीची काजळी कबूल केली होती. ही चुलीची नाही. म्हणजे ती अजून लावलेलीच नाही. एवढी जागा धू, नवस मोडत नाही.

बाज्याची आई तुळशीबाई लगबगीनं ऊन पाणी घेऊन आली.

"ऊन नको," आशानं तिचा हात धरला. "ऊन पाणीमा ते चिकटी जास. थंडं आन."

ओल्या फडक्यानं पुसायला तिला तासभर लागला. मग तुळशीबाईनं तवा उपडा केला आणि पोराचं तोंड खऱ्या काजळीनं माखलं.

दुसऱ्या दिवशी आशानं नाल्यातलं सगळं पोत्यांत भरलं आणि बाज्याचं तोंड पुसलेलं फडकं हेमकांतच्या टेबलावर टाकलं.

"हाई काय शे?"

"मानूसना तोंडवरथून काढेल शे. ठेवा तुमना कपाटमा."

कचेरीत आता पोतं जागेवर असतं. बाज्याच्या बहिणीला मुलगी झाली. तो अजूनही येतो, बाकावर बसतो, हसतो. खोकला मात्र गेलेला नाही. बाज्या खोकला की आशाला आधी हेमकांतचा राग येतो आणि मग स्वतःचा. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, ताई, पक्कं काळं आहे ना? तिनं फडकं नाकावर ओढलं आणि स्क्रू काढायला घेतला.