सोमवारचा बिल्ला

"मी न्हाई लावायची. एकदा सांगितलं ना," ठकूबाई म्हणाली आणि तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"मग कोण लावणार? शेजारीण?" बहिरू दारात उभा होता. अंगात पलटणीचा खाकी कोट, उजवा हात खिशात घातलेला, डाव्या मुठीत चांदीचा बिल्ला.

"तुमच्या आईला सांगा."

"मला डोळ्यानं दिसतंय व्हय?" जात्यावर बसलेली सासू, सरूबाई, म्हणाली. "पाटलाची गाडी येशीत उभी हाय, आन ही नवऱ्याला अडवून बसली. हे कुठलं वळण, ठके? पारगावचं?"

"पारगावचंच, आत्याबाई. तिथलंच पोर आज तुमचा ल्योक खाईत घालाय निगालाय."

पारगावचं पोर म्हणजे संपत, ठकूबाईचा भाऊ. प्लेगात आईबाप तीन दिवसांच्या अंतरानं गेले तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि ठकूबाई बारा. त्याला कडेवर घेऊनच ती नांदायला आली. सुनेनं हुंडा आणला नाही, भाऊ आणला, हे सरूबाईनं सतरा वर्षांत कितीदा ऐकवलं त्याला गणती नव्हती. पण पोराला भाकरी कधी कमी केली नाही, हेही खरं. आज तो पहाटेच उठून बेल्ह्याला गेला होता. पलटणीच्या भरतीत अंगठा द्यायला.

बहिरू बसऱ्याच्या लढाईवरून येऊन वर्ष झालं होतं. उघड्या वाळूतून, गोळ्या चालू असताना, त्यानं दोन साहेबांना आणि पाणी वाहणाऱ्या एका भिस्त्याला ओढत आणलं. सरकारी कागदावर दोन साहेब होते, भिस्ती नव्हता. जुन्नरला मोठ्या साहेबानं त्याच्या छातीवर बिल्ला लावला तेव्हा अख्खं गाव गाड्या जोडून गेलं होतं. तेव्हापासून दर सोमवारी पाटील त्याला बेल्ह्याच्या बाजारात नेऊन उभा करायचा. गावागावानं पोरं द्यायची होती, आणि बिल्ला बघितला की पोरं येत.

ठकूबाईनं हे नुसतं ऐकलं होतं. मागच्या सोमवारी कोंबड्या विकायला म्हणून ती पहिल्यांदाच गेली आणि तिनं पाहिलं. इकडं व्यापारी बैलांचे जबडे उघडून दात बघत होते. दहा पावलांवर कडुलिंबाखाली पलटणीचा डाक्तर पोरांचे जबडे उघडून बघत होता. शेजारी ओट्यावर तिचा नवरा ताठ उभा, आणि पोरं एकेक करून बिल्ल्याला हात लावून बघत होती. त्यांत संपत. त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "दाजी, गोळी लागली तवा लई दुखलं का वो?"

"मुंगी चावल्यागत," बहिरू हसून म्हणाला. "आन आता तर कायबी न्हाई."

पोरं हसली. ठकूबाई कोंबड्यांचं डालगं डोक्यावर घेऊन तशीच मागं फिरली.

कायबी न्हाई म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. रोज सकाळी कडुलिंबाच्या पाण्यानं ती त्याचा गोळी लागलेला उजवा हात धूत असे. कोपराखाली मांस उरलं नव्हतं, हाडाला चिकटलेली कातडी होती, आणि मधलं भोक भरतच नव्हतं. आत अडकलेल्या हाडाच्या बारीक कपच्या पुवाबरोबर बाहेर येत. संपत रानात गेल्याशिवाय बहिरू फडकं सोडू द्यायचा नाही, आणि ते सुटताना मुंडाशाचं टोक दातांत धरायचा. सरूबाई तेवढ्या वेळात गोठ्यात जाऊन बसायची. वास तिथंही जायचा.

"खोटं का बोलला त्याच्यासंगं?" ठकूबाईनं आता विचारलं.

"भरतीच्या सुभेदारानं शिकवलंय तसं बोललो."

"साळुबाईचा भागू तुमचा बिल्ला बघून गेला. त्याचा कागुद आला, त्यो न्हाई आला. विहिरीवर मी दिसले की साळुबाई कळशी अर्धी तशीच उचलून निगती. उद्या संपतचा कागुद आला तर मी कुणाला बघून विहिरीवरनं उठून जाऊ?"

बहिरू उंबऱ्यावर बसला. बिल्ला त्यानं मुठीत आवळला.

"सोमवारी मी मानूस असतो, ठके," तो म्हणाला. "बाकीचे सा दिस तू नेसवशील तसं नेसतो, तू भरवशील तसं खातो."

ते खरंच होतं. त्याच्या धोतराची गाठ आजही तिनंच मारली होती.

"आजच्या दिस जाऊ नगा," ती हळू म्हणाली.

"आन मी न्हाई गेलो म्हंजे संपत थांबल? पाटंच पायताणाला तेल लावून ठिवलं व्हतं त्यानं."

थांबणार नव्हता. तिनं हात जोडले होते त्याला. 'दाजी सांगत्यात काय व्हत न्हाई, मग तुला काय कळतं?' एवढं बोलून तो गेला होता.

"मग जा, पर त्याला खरं सांगा."

"माझ्या तोंडून न्हाई निगायचं," बहिरू म्हणाला. "तिथं ओट्यावर उभा ऱ्हायलो की न्हाई निगत."

सरूबाईनं जातं थांबवलं. वेशीतून पाटलाच्या गड्यानं हाक मारली, ती तिघांनीही ऐकली.

ठकूबाई उठली. चुलीवरचं कडुलिंबाचं पाणी तिनं लोटीत ओतलं, लोटीच्या तोंडाला फडकं बांधलं. दांडीवरच्या धुतलेल्या चिंध्या काढून टोपलीत टाकल्या. मग नवऱ्यापुढं बसून त्याची मूठ सोडवली, बिल्ला घेतला आणि कोटाला नीट, सरळ लावला.

"हां, आत्ता कसं," सरूबाई म्हणाली. "शान्यासारखं. आन ती लोटी कशाला?"

"आजची पट्टी घरात सोडायची न्हाई, आत्याबाई." ठकूबाईनं डोक्यावर पदर घेतला. "मी बी गाडीत बसणार हाय. बेल्ह्याला लिंबाखाली, समद्या पोरांम्होरं सोडणार."