‘पाहिले’ साहेब

विद्यापीठाच्या बांधकाम विभागात साहेबांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. ठेकेदारांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे त्यांना मागे ‘पाहिले साहेब’ म्हणत. टेबलावर आलेल्या प्रत्येक नकाशाच्या आणि पत्राच्या कोपऱ्यात ते टोक केलेल्या पेन्सिलीनं रेखीव अक्षरात एकच शब्द लिहीत: पाहिले. खाली सही, तारीख. ‘मंजूर’ हा शब्द त्यांच्या हातून उमटलेला तीस वर्षांत कुणी बघितला नव्हता.

घरीही त्यावरून विनोद चाले. पत्नी पाहुण्यांसमोर म्हणायची, “मला बघायला आले तेव्हाही यांनी नुसतं पाहिलंच होतं हो. होकार सासूबाईंनी दिला.” पाहुणे हसत. साहेब चहा पीत राहत.

हा शब्द त्यांना फुकट मिळाला नव्हता. सत्ताविसाव्या वर्षी, नव्या नोकरीच्या उत्साहात, त्यांनी वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीच्या नकाशावर ठळक ‘मंजूर’ लिहिलं. टाकी पहिल्याच उन्हाळ्यात गळली. चौकशीच्या दिवशी वरिष्ठांनी कानांवर हात ठेवले आणि साहेबांची बढती सहा वर्षं अडली. त्या सहा वर्षांत एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. इमारती कुणीही बांधतं. बांधून झाल्यावर कुणाकडे बोट दाखवायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं. मग ते हळूहळू विभागप्रमुख झाले, आणि विद्यापीठासाठी आर्किटेक्ट आणि इंजिनिअर निवडायचं काम त्यांच्याकडे आलं.

ग्रंथालयाच्या नव्या इमारतीसाठी आठ आर्किटेक्ट मुलाखतीला आले. सात जणांना साहेबांनी कामाचं विचारलं. आठवी एक चाळिशीची बाई होती. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिचं ऑफिस, हाताखाली चार माणसं. तिला त्यांनी एवढंच विचारलं, “वडील काय करतात?”

“गवंडी होते, सर. आता गुडघे गेलेत.”

“मिस्टर?”

“शाळेत शिक्षक आहेत.”

“आणखी कुणी या क्षेत्रात? ओळखीचं, नात्यातलं?”

“नाही सर. मीच पहिली.”

साहेबांनी तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली. बाईंनी घरी जाऊन वडिलांना सांगितलं, की साहेब मोठ्या मनाचे आहेत, गवंड्याची मुलगी म्हणून मला घेतलं. म्हाताऱ्यानं डोळे पुसले.

बाई कामाला वाघ होती. पाया खणताना ती स्वतः खड्ड्यात उतरायची, लोखंडाच्या सळया मोजायची, आणि झालेलं प्रत्येक बोलणं संध्याकाळी पत्रात लिहून पाठवायची. साहेबांना तिचा हा गुण फार आवडे. तिची पत्रं ते वेगळ्या फायलीत लावून घेत.

पहिल्या मजल्यावर वाचनकक्ष होता, खाली सभागृह. काम अर्ध्यावर आलं तेव्हा ग्रंथालय समितीच्या मनात आलं, की वर टेबलखुर्च्यांऐवजी रुळांवर सरकणारी पुस्तकांची कपाटं बसवावीत. बाईंनी हिशेब केला. वजन दुपटीच्या वर जात होतं. त्यांनी सभागृहात दोन जादा खांब दाखवणारा नवा नकाशा काढला आणि सोबत पत्र दिलं, की कपाटं ठेवायची असतील तर हे खांब हवेतच, नाहीतर मजला झुकेल.

सभागृहात खांब नकोत हे कुलगुरूंनी साहेबांना आधीच सांगितलं होतं. व्यासपीठावरून त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत माणसं दिसायला हवी होती. साहेबांनी पत्राच्या कोपऱ्यात लिहिलं: पाहिले.

बाई तीनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा उभ्या उभ्याच तिनं विचारलं, “सर, हे मंजूर समजू का?”

“मॅडम, तुम्ही पत्र दिलंत, मी पाहिलं. काम थांबवू नका.”

“पण कुठल्या नकाशाप्रमाणे करू?”

“मंजूर नकाशाप्रमाणे. दुसरा कुठला असतो?”

मंजूर नकाशा जुना होता, खांबांशिवायचा. बाईंना वाटलं, कपाटांचा बेतच रद्द झाला असणार. पंधरा दिवसांनी त्यांनी स्लॅब टाकायला सही दिली.

इमारतीचं उद्घाटन झालं आणि महिन्याभरात कपाटं आली. ती बसवू का, असं विचारणाऱ्या ग्रंथपालांच्या पत्रावरही साहेबांनी एक शब्द लिहिला होता.

दीड वर्षानं ग्रंथपाल धापा टाकत साहेबांच्या खोलीत आले. “साहेब, पुस्तकं आपापली चालायला लागलीत!”

साहेब पाहायला वर गेले. ग्रंथपालांनी कपाट भिंतीशी ढकललं आणि हात काढला. कपाट क्षणभर थांबलं, मग सावकाश, कुणी बोलावल्यासारखं, खोलीच्या मध्याकडे निघालं. मजला मधोमध खाली बसला होता. खालच्या सभागृहाच्या छताला आडवी भेग होती.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, कागदपत्रं मांडायची जबाबदारी साहेबांवर. बाईंचं नाव विद्यापीठाच्या आर्किटेक्टांच्या यादीतून काढलं तर नुसतं विद्यापीठाचंच काम जाणार नव्हतं. प्रत्येक सरकारी अर्जात एक रकाना असतो: यापूर्वी कुठून काढून टाकलं आहे काय? तिथे एकदा ‘होय’ आलं की शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या संपल्या. पण बाई निश्चिंत होती. तिच्या पिशवीत पत्र होतं.

“या मजल्याला वजन पेलणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं?” अध्यक्षांनी विचारलं.

“ठाऊक होतं म्हणूनच लिहिलं, सर. हे बघा, साहेबांनी पाहिलं आहे. सही आहे त्यांची.”

अध्यक्ष साहेबांकडे वळले.

“पाहिलं. नाकारतोय कुठे मी?” साहेब शांतपणे म्हणाले. “मॅडमना धोका कळला होता हे मी पाहिलं. आणि तो कळूनसुद्धा त्यांनी पंधरा दिवसांनी स्लॅबला सही दिली, तेही पाहिलं.” त्यांनी फायलीतून दुसरा कागद काढून अध्यक्षांपुढे सरकवला.

“सर, तुम्हीच म्हणालात काम थांबवू नका!”

“लेखी?” अध्यक्षांनी विचारलं.

बाईंनी पिशवीत हात घातला. सगळं लिहून ठेवणाऱ्या बाईनं एवढं एकच वाक्य लिहिलं नव्हतं. उत्तर इतकं साधं होतं की लिहायचं काय, असं तिला वाटलं होतं. हात पिशवीतच राहिला. ग्रंथपालांचं पत्र कुणी मागितलं नाही.

बाहेर व्हरांड्यात बाई भिंतीला टेकून उभी होती. साहेब समोरून आले, तसं ती म्हणाली, “सर, गवंड्याची मुलगी म्हणून तुम्ही मला घेतलंत. वडिलांना मी तसंच सांगितलंय.”

“बरोबरच सांगितलंत,” साहेब म्हणाले आणि खोलीत गेले.

आठवड्यानं बाईंना यादीतून काढण्याचा प्रस्ताव टेबलावर आला. कारकुनानं नेहमीप्रमाणे पेन्सिल पुढे केली.

“पेन द्या.”

कारकुनानं खिशातलं पेन काढून दिलं. साहेबांनी पेन घेतलं आणि ‘मंजूर’ लिहिलं. शब्दाची सवय नसल्यानं ‘जू’ जरा वाकडा आला. त्यांनी तो नीट गिरवला, सही केली, तारीख टाकली, आणि म्हणाले, “मजल्याच्या दुरुस्तीला नवा आर्किटेक्ट लागेल. जाहिरात काढा. मुलाखती मीच घेईन.”